कोकणात दोघांचं जेवण: आदल्या दिवशी सांगा, बंदराकडे बघून ठरवा

कोकणात जाणाऱ्या जोडप्यांचं नियोजन समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीपाशी सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. जेवणाचं 'गेल्यावर बघू' असतं. मग दुपारी तीनला भूक लागते, घरगुती खानावळीतली भांडी धुऊन पालथी पडलेली असतात आणि रस्त्याकडेच्या ढाब्यावर पनीर बटर मसाला मागवावा लागतो. इथलं चांगलं जेवण मांडून ठेवलेलं नसतं. ते सांगितल्यावर होतं, आणि होडीतून जे उतरलं त्यातून होतं. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. क्रम चुकला की पैसे तेवढेच जातात आणि ताटात गोठवलेली सुरमई येते.

## १. आधी तारीख, मग खोली

काय खायचंय ते ठरवा आणि त्यावरून महिना निवडा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी: मासे खायला जायचं तर हेच दिवस. समुद्र शांत, होड्या नियमित, आणि उन्हाने जेवणावरची वासना उडत नाही. रायगडात अलिबाग, रोहा, पेण या बाजूला थंडीत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरून मडकं पालथं घालतात आणि भोवती पेंढा-गवत पेटवतात. मात्र दोघांसाठी एक अख्खं मडकं लावायला कुणी सहसा तयार होत नाही. त्याच मुक्कामी दुसरी मंडळी असतील तर त्यांच्यात सामील होण्याची तयारी दाखवा.

मार्चअखेर ते मे: आंबा, फणस, ओले काजूगर, करवंदं. मासे मिळतात, पण उकाडा फार. ओल्या काजूगरांची उसळ हवी तर मार्च-एप्रिल गाठा. मेअखेर मिळणारी उसळ बहुधा सुके काजू भिजवून केलेली असते.

जून-जुलै: यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. या दिवसांत मेनूवर दिसणारी सुरमई-पापलेट बर्फातली किंवा बाहेरून आलेली. त्यापेक्षा खाडीतले मासे, सुकट-जवळा, सुका बांगडा आणि टाकळा, फोडशी, भारंगी या रानभाज्या मागा. त्या घरगुती स्वयंपाकघरांत चांगल्या होतात. हॉटेलवाल्याला त्या विचारूच नका.

ऑगस्ट-सप्टेंबर: श्रावण आणि गणपती. गणपतीत कोकणातलं प्रत्येक घर भरलेलं असतं, खानावळवाली काकी स्वतःच्या घरच्या पाहुण्यांत असते. ओळखीचं घर नसेल तर खाण्यासाठी म्हणून तेव्हा जाऊ नका.

> तपासा: तारखेबरोबर वारही बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी या दिवशी बऱ्याच घरांत मासा शिजत नाही. दोन रात्रींची सहल रविवार-सोमवार अशी ठेवली तर एक दिवस हातचा गेलाच. मंगळवारी पोहोचणं सोयीचं.

## २. एकच पट्टा निवडा

तीन दिवसांत अलिबागपासून मालवणपर्यंत 'कव्हर' करायला निघालेल्यांचं जेवण गाडीतच होतं. एक पट्टा धरा.

- अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन: कोळी-आगरी हात. बोंबील, मांदेली, तांदळाची भाकरी. मिळाला तर खाडीतला जिताडा, कुठल्याही भावात.
- दापोली, हर्णे, गुहागर: हर्णे बंदरावरचा लिलाव आणि त्याच पट्ट्यात उत्तम शाकाहारी घरं. दोघांपैकी एक शाकाहारी असेल तर पहिली पसंती ही.
- गणपतीपुळे, रत्नागिरी: देवळाच्या जवळ शाकाहारीच धरून चाला, मासे थोडं दूर जाऊन. रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर मोठं आहे.
- मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले: मालवणी मसाला, तिरफळ, कोंबडी-वडे, घावणे. फक्त जेवायला म्हणून जायचं तर इथेच.

> सावध: आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडले, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ या खाड्या जंगलजेटीने (गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटीने) पार होतात. रात्रीचं जेवण पलीकडे सांगितलं असेल तर शेवटची फेरी किती वाजता आहे ते सकाळीच विचारा. ती चुकली की रस्त्याने मोठा वळसा, आणि पोहोचेपर्यंत चूल विझलेली.

## ३. फोन: सगळं जेवण या पायरीवर ठरतं

मुक्कामाच्या घरी स्वयंपाक होत असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करा. बाहेरच्या खानावळीत जेवणार असाल तर निदान त्या दिवशी सकाळी नऊच्या आत. 'जेवण मिळेल ना?' एवढंच विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी 'मिळेल' असंच येतं. असं बोला:

"काकी, उद्या दुपारी दोघंच आहोत, एक वाजता येतो. तुमच्याकडे उद्या मासा कुठला येईल? जो ताजा असेल तो करा, सुरमईच पाहिजे असं नाही. आंबोळी सकाळी जमेल का? आणि तिखट मध्यम."

यात पाच गोष्टी आल्या: माणसं, वेळ, माशाची मोकळीक, आधी सांगावं लागणारा पदार्थ आणि तिखट. मोकळीक दिली की समोरचा माणूस खुलतो. कधी उत्तर येईल, "उद्या सोमवार असा, मासे गावचे नाय" (म्हणजे मिळायचे नाहीत). तेही आधी कळलेलं बरं.

कशासाठी किती आधी सांगायचं ते पदार्थावर ठरतं:

आदल्या दिवशी सकाळी: खेकडे (मालवणीत कुर्ल्या), तिसऱ्या आणि कालवं (दोन्ही शिंपल्यांचे प्रकार), शिरवाळे (तांदळाच्या शेवया). तिसऱ्या-कालवं ओहोटीला गोळा होतात. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, त्यामुळे आज दुपारी सांगून रात्री मिळतीलच असं नाही. शिरवाळ्यांसाठी तांदळाच्या पिठाचे गोळे उकडून गरम असतानाच साच्यातून दाबावे लागतात. एकट्या बाईचं ते काम नाही, घरात दुसरा हात लागतो.

आदल्या संध्याकाळपर्यंत: आंबोळी, उकडीचे मोदक, काळ्या वाटाण्याचं सांबारं. आंबोळीचं पीठ रात्रभर आंबतं, काळे वाटाणे रात्रभर भिजतात. सकाळी उठून मागितलं तर तुम्हाला घावणे मिळतील. घावण्याला आंबवणं लागत नाही, आणि तेही काही वाईट नाहीत.

दोन-तीन तास आधी: कोंबडी-वडे, माशाचं कालवण, सोलकढी.

> नेहमीची चूक: मोदक 'दोन-दोन' मागणं. उकड काढून चार मोदक कुणी करत नाही. किमान किती करता ते विचारा. अकरा म्हणाले तर अकरा घ्या, जेवणात तीन-तीन खा आणि उरलेले रात्री वाफ देऊन खा. फ्रीजमध्ये ठेवू नका, पारी वातड होते.

## ४. बंदरावर: बघायचं काय, घ्यायचं किती

मुक्कामाच्या घरी 'मासे आणून दिले तर करून द्याल का, आणि करणावळ किती?' हे आधी विचारून घ्या. काही घरांना आवडतं, काहींना अजिबात नाही. हो म्हणाले तरच बंदरावर जा.

हर्णेला लिलावाची मोठी गर्दी दुपार उलटल्यावर, चारच्या सुमारास असते. मालवणला सकाळीही आणि संध्याकाळीही माल उतरतो. लिलाव टोपल्यांचा असतो. दोन माणसांनी त्यात बोली लावायच्या भानगडीत पडू नये. लिलाव बघा, मग बाजूला वाटे लावून बसलेल्या बायकांकडून घ्या. भाव थोडा जास्त पडतो, पण मासा तोच असतो आणि कापूनही मिळतो.

सिंधुदुर्गात सकाळी किनाऱ्यावर रापण (दोरीने किनाऱ्याकडे ओढायचं मोठं जाळं) ओढताना दिसली तर थांबा. दोरीला हात लावलात तर कधीकधी वाट्याला चार मासे येतात, आणि त्याहून ताजं काही नाही.

हात लावून तपासायच्या गोष्टी:

1. कल्ला उचला. आतून लालभडक हवा. तपकिरी किंवा चिकट असेल तर पुढे चला.
2. डोळा फुगीर, चकचकीत. आत बसलेला, दुधाळ डोळा म्हणजे शिळा मासा.
3. बोटाने दाबा. खड्डा लगेच भरून आला पाहिजे.
4. बांगडा शेपटीकडे हातात आडवा धरा. ताजा ताठ राहतो, शिळा वाकतो. पोट फुटलेला घेऊ नका.
5. कोळंबीचं डोकं घट्ट बसलेलं हवं, मानेशी काळं पडलेलं नको.
6. खेकडा जिवंत आणि आकाराच्या मानाने जड. हलका म्हणजे आत पाणी. अमावस्येच्या आसपासचे भरलेले असतात असं कोळी सांगतात. पौर्णिमेला वजनाकडे जास्त लक्ष द्या.
7. तिसऱ्या मिटलेल्या हव्यात. उघडी दिसली तर टिचकी मारा. मिटली नाही तर टाकून द्या. शिजल्यावरही न उघडलेली खाऊ नका.

दोघांसाठी एका जेवणाला: मध्यम बांगडे चार (दोन तळायला, दोन कालवणाला), किंवा सुरमई अर्धा किलो, किंवा सालासकट कोळंबी ३०० ते ४०० ग्रॅम. सोबत तिसऱ्यांचा एक छोटा वाटा. एवढंच. बंदरावर भूक डोळ्यांत असते आणि किलो-दीड किलो घेतलं जातं. मग ते काकींच्या फ्रीजमध्ये राहतं आणि दुसऱ्या दिवशी ताज्या माशाऐवजी तेच खावं लागतं.

सुरमईचे तुकडे पाऊण इंचाचे सांगा. पातळ तुकडा तव्यावर कोरडा पडतो, जाड बाहेरून करपून आत कच्चा राहतो. मधले तुकडे तळायला, डोकं-शेपटी कालवणाला. डोकं टाकून देऊ नका, कालवणाची चव तिथेच आहे.

आणि सुरमईच्या मागे एवढं का लागायचं, हाही प्रश्न आहे. ताजा बांगडा, पेडवे, मुडदुशे, सौंदाळे यांना शहरात कुणी विचारत नाही, कारण ते प्रवासात टिकत नाहीत. म्हणूनच ते इथे खायचे. सुरमई पुण्यातही मिळते.

> सावध: बंदरावरून मुक्कामापर्यंत अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणार असेल तर बर्फ घ्या. स्कूटीच्या हँडलला उन्हात लटकवलेली पिशवी एप्रिलमध्ये मासा लवकर बिघडवते.

## ५. ताट: दोन वेगळी सांगा, टप्प्याने खा

दोघांनी एकसारखी थाळी मागवणं ही दुसरी मोठी चूक. एक माशाची, एक कोंबडी-वड्यांची किंवा मालवणी शाकाहारी घ्या आणि मधोमध ठेवा. सोबत एकच जादा पदार्थ: तिसऱ्यांचं सुकं किंवा कोळंबी. थाळीत कालवण, तळलेली तुकडी, भात, भाकरी किंवा चपाती आणि सोलकढी असतेच. त्यावर आणखी दोन 'फ्राय' मागवले की कालवणाकडे कुणाचं लक्ष जात नाही. कोकणी स्वयंपाकाची परीक्षा मात्र कालवणावरच होते.

खायचा क्रम असा ठेवा:

आधी तळलेला मासा, नुसता. तव्यावरून उतरल्यावर चार-पाच मिनिटं त्याची असतात. बाहेरचा रवा किंवा तांदळाचं पीठ मऊ पडलं की संपलं. त्यामुळे 'सगळं एकदम आणा' म्हणू नका. तळलेलं आधी, कालवण-भात नंतर, असं स्पष्ट सांगा.

वडे दोन-दोन करून मागा. गरम वडा टम्म फुगलेला असतो. पाच मिनिटांनी बसतो, दहा मिनिटांनी चामट होतो. आठ वडे एकदम आणून ठेवले तर पहिले दोनच खरे. वड्याला वरून भोक पाडा, वाफ जाऊ द्या, मग रश्शात बुडवा.

मग भाकरी आणि सुकं, शेवटी भात आणि कालवण. भाताची जागा पोटात राखून ठेवा.

बांगड्याच्या तिखल्यात (दाटसर तिखट कालवणात) तिरफळं दिसतील. ती स्वादासाठी असतात, चावायची नाहीत. चुकून दाताखाली आलं तर जीभ बधिर होते आणि पुढचे काही घास चव लागत नाही. ताटाच्या कडेला काढून ठेवा.

> तपासा: 'साइजप्रमाणे भाव' असं लिहिलं असेल तर शेवंड, पापलेट, खेकडा यांचा भाव मासा बघून, शिजवायला जाण्याआधी ठरवा. बिल आल्यावर वाद घालून दोघांचीही संध्याकाळ जाते.

## ६. एक मासेखाऊ, एक शाकाहारी

अशा जोडप्यात शाकाहारी माणसाच्या वाट्याला हमखास डाळ फ्राय येते. तसं होऊ नये म्हणून फोनवरच पदार्थांची नावं घेऊन मागा: काळ्या वाटाण्याचं सांबारं, काजूची उसळ, फणसाची भाजी, डाळिंब्यांची उसळ, अळूचं फदफदं, कुळथाची पिठी, केळफुलाची भाजी. नुसतं 'व्हेज' म्हटलं की पनीर येतं.

तीन गोष्टी विचाराच: भाजीत सुका जवळा घालता का (वांग्यात, मेथीत हमखास असतो), तवा आणि तेल वेगळं आहे का, आणि वाटण तेच वापरता का. शिंपल्यांची किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर 'चालत नाही' असं मोघम म्हणू नका. ते आवडीनिवडीचं वाटतं. 'खाल्लं तर दवाखान्यात न्यावं लागेल' असं सरळ सांगा.

## ७. पेयं: सोलकढीपासून बाटलीपर्यंत

सोलकढी ओळखणं. ओल्या नारळाचं दूध आणि आमसुलं किंवा आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घातलेली कढी फिकट, किंचित जांभळट गुलाबी असते. पेला दहा मिनिटं ठेवा. वर नारळाची साय, खाली लालसर पाणी असे थर पडायला लागले तर खरी. भडक गुलाबी आणि एकजीव राहणारी कढी म्हणजे रंग किंवा बीट आणि बहुधा नारळाची पावडर. खरी सोलकढी अर्धी जेवणात, अर्धी शेवटी भातावर. सकाळची सोलकढी संध्याकाळी पिऊ नका, नारळाचं दूध उन्हाळ्यात लवकर आंबतं.

खोलीत स्वयंपाकाची सोय असेल तर स्वतः करा: आठ-दहा आमसुलं एक कप कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा. एका नारळाचं खोबरं, दोन लसणीच्या पाकळ्या, एक हिरवी मिरची वाटून दोनदा पिळून दूध काढा. दोन्ही एकत्र करा, मीठ आणि कोथिंबीर. गॅसवर ठेवायची नाही, फाटते. आमसुलांऐवजी आगळ वापरलं तर मीठ शेवटी, चव बघून. आगळात ते आधीच असतं.

शहाळं सकाळी अकराच्या आत, कोकम सरबत दुपारी उन्हातून आल्यावर. सिरपला चार-पाच पट थंड पाणी, चिमूटभर जिरेपूड आणि सैंधव. नीरा मिळाली तर अगदी सकाळी प्या. ऊन चढलं की ती आंबते आणि मग ती नीरा राहत नाही.

दारू घेणार असाल तर नियम माहीत असू द्या. महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो आणि एक दिवसाचा परवाना वाइन शॉपमध्ये मिळतो. बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. वाळूवर बसून पिणं हा गुन्हा आहे आणि फुटलेली काच दुसऱ्याच्या पायात जाते. खानावळीत बाटली उघडण्याआधी विचारा. ते कुणाचं तरी घर असतं, आत म्हातारी माणसं आणि मुलं असतात.

काजूची फेणी आणि उन्हाळ्यातला उर्राक हा गोव्याचा माल. वेंगुर्ले-सावंतवाडीकडून गोव्यात डोकावलात तर तिथेच चाखा. येताना डिकीत बाटल्या घालून आणू नका. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे आणि गाडी जप्त होण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

> सावध: भर उन्हात पोहणं, मग बिअर, मग तिसऱ्यांचं झणझणीत सुकं. कोकणात पोट बिघडलेल्यांची गोष्ट बहुधा हीच असते. शिंपल्यांचं जेवण दुसऱ्या दिवशी ठेवा, पोहोचल्या पोहोचल्या नको.

## ८. समुद्रावरची संध्याकाळ

किनाऱ्यावर मेणबत्ती लावून जेवण फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात वारा मेणबत्ती टिकू देत नाही, मासा दोन मिनिटांत गार होतो आणि सोलकढीत वाळू जाते. सूर्यास्ताला फक्त चहा किंवा कोकम सरबत आणि कांदाभजी न्या. भरतीची वेळ विचारून वर, कोरड्या वाळूत बसा. जेवण आठच्या सुमारास अंगणात किंवा पडवीत, चुलीपासून पाच पावलांवर. गरम वडा तिथेच गरम पोहोचतो. साडेनऊनंतर कुणाच्या घरी ताटकळत बसू नका, ती माणसं पहाटे उठतात.

## ९. परत नेताना

मासे: पोट साफ करून, पुसून, थर्माकोलच्या खोक्यात माशाच्या वजनाइतका बर्फ, खाली आणि वर दोन्हीकडे. वितळलेलं पाणी मध्येच काढून टाका, त्यात मासा भिजत राहिला की चव जाते. एवढी तयारी नको असेल तर सुके बांगडे, जवळा, सोडे न्या. मात्र तीन पिशव्यांत बांधा, नाहीतर रेल्वेचा अख्खा डबा तुम्हाला ओळखेल.

आगळ की सिरप: बाटलीवरचं नाव वाचा. आगळ खारट आणि बिनसाखरेचं, सोलकढी-कालवणासाठी. सिरप गोड, सरबतासाठी. चुकीची बाटली घरी नेऊन गोड सोलकढी करणारे दरवर्षी भेटतात.

हापूस: लगेच खायला चार पिकलेले आणि घरी न्यायला हिरवट, तयार व्हायचे. सगळी पेटी पिवळी घेतली तर घाटापर्यंत अर्धी मऊ पडते. घरी पेंढ्यात किंवा कागदात एक थर पसरून ठेवा, पिकेपर्यंत फ्रीज नको. देठापाशी वास यायला लागला की तयार. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या हापूसमध्येही आत साका (पांढरट, स्पंजासारखा खराब गर) निघू शकतो आणि तो कापल्याशिवाय कळत नाही. म्हणून पेटी घेताना त्याच लॉटमधला एक आंबा कापून दाखवायला सांगा, आणि बागवाल्याचा नंबर घेऊन ठेवा.